तुपेबाईंचा ओढा

"जोर तुझा असंल दिलीप, पण रान मी आखलंय," असं तुपेबाई भर मीटिंगमध्ये क्लबच्या अध्यक्षांना म्हणाल्या, तेव्हा मी शेजारी बसून इतिवृत्त लिहीत होतो. हे वाक्य कागदावर कसं आणावं ते मला कळेना. शेवटी 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहून मी मोकळा झालो.

बाईंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. क्लबात त्यांचा फोटो लावायचा ठराव आला होता. मी म्हटलं, लावा खुशाल, पण हार घालू नका, बाई भिंतीवरून खाली उतरून तुमच्या कानाखाली देतील. लोक हसले. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा मध्ये यायला नको. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात माझी उभी हयात गेली. निवृत्तीनंतर घरात बसलो, तर बायको महिन्याभरातच बेजार झाली, म्हणून या गोल्फ क्लबात मॅनेजर म्हणून लागलो. गोल्फ म्हणजे पोट सुटलेल्या माणसांनी काठी घेऊन हिंडायचं, एवढीच माझी अक्कल. फुलंब्रीच्या वाटेला, एका माळावर हे नऊ होलचं मैदान. होल म्हणजे नुसती खळगी नव्हे. चेंडू जिथून पहिल्यांदा मारायचा तिथपासून झेंडा रोवलेल्या खळगीपर्यंतचा सगळा टापू म्हणजे एक होल. जो कमी फटक्यांत चेंडू खळगीत घालतो तो जिंकतो. खेळ एवढाच, बाकी सगळा थाटमाट.

हे सगळं मैदान वत्सला तुपे यांनी आखलं. कुठं चढ ठेवायचा, कुठं वाळूचा खड्डा, कुठलं झाड वाचवायचं, सगळं त्यांनी. बाई परभणीला शेतकी शिकलेल्या, पुढं पुण्या-बंगलोरकडं मैदानं आखण्यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली. नवरा वारल्यावर माहेरच्या मुलखात परत आल्या. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही आणि त्यांनी ते विचारूही दिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मॅनेजर, लग्न जमवताय का माझं?"

उंची माझ्या खांद्याइतकी. सुती साडी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, डोक्यावर पोरांची असते तसली निळी क्रिकेटची टोपी. मेंबर लोकांच्या पिशवीत चौदा-चौदा स्टिका. बाईंच्या हातात तीन, त्याही सुतळीनं बांधलेल्या. आवाज मात्र असा, की पहिल्या होलवर बोलल्या की चौथ्यावरचा माळी वळून बघायचा.

त्यांची एक खोड सगळ्या क्लबाला तोंडपाठ होती. कुणी एखाद्या होलबद्दल कुरकूर केली की बाई म्हणायच्या, "उलटं चालून ये." म्हणजे झेंड्यापासून निघायचं आणि मागं मागं येत सुरुवातीच्या जागेवर पोचायचं. त्या स्वतः मैदान असंच आखायच्या. आधी शेवट ठरवायचा, मग तिथवर यायच्या वाटा मागून शोधत यायचं. वाटा म्हणतो मी, वाट नाही. प्रत्येक होलला किमान दोन वाटा पाहिजेत, एक दांडग्याची आणि एक डोकेबाजाची, ही बाईंची अट. उलटं चालून आलेला माणूस बहुतेक वेळा गप बसायचा. काही जण चालायच्या कंटाळ्यानंच गप बसायचे, ही गोष्ट वेगळी.

दुसरी खोड तांब्याची. जमिनीत काही करायचं म्हटलं की बाई पाण्यानं भरलेला तांब्या तिथं पालथा करायच्या आणि कमरेवर हात ठेवून पाणी कुठं जातं ते बघत उभ्या राहायच्या. पाण्याच्या मर्जीविरुद्ध काही करायचं नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "बाई, माणसांचंबी एवढं ऐकत जा." त्या म्हणाल्या, "माणसं उताराकडंच जातात असं नाय ना."

मी लागलो त्याच वर्षी पाट्यांचं प्रकरण झालं. सगळीकडं बायकांसाठी पुढं, झेंड्याच्या जवळ, वेगळी सुरुवातीची जागा असते. बाईंनी जवळची जागा केली होती, पण तिच्यावर काही लिहिलं नव्हतं. एक लांबची, एक जवळची. ज्याला जी पाहिजे त्यानं तिथून मारावं. कमिटीला हे खटकलं. त्यांनी 'महिला' अशा लाल पाट्या करून आणल्या आणि नऊच्या नऊ ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर बाईंनी एक डबा चुना कालवलेला आणि पाट्यांवर एकेक करून तो फासायचं चाललेलं.

"बाई, कमिटीचा ठराव हाय," मी म्हटलं.

"आणि माझा चुना हाय. त्या पाटीच्या भीतीनं ते आपले रिटायर डॉक्टर तिथं पाय ठेवत नाहीत. हात थरथरतात त्यांचे, पण लांबून मारतात, पाण्यात घालतात नि घरी जाऊन बायकोवर डाफरतात. जागा ही जागा हाय, तिला साडी कशाला नेसवता?"

पाट्या परत लाल झाल्या नाहीत. डॉक्टर त्या हिवाळ्यात जवळच्या जागेवरून खेळायला लागले, आणि त्यांच्या बायकोनं बाईंना तिळाच्या पोळ्या पाठवल्या. त्यातल्या दोन मला मिळाल्या.

आता अध्यक्षांकडं येतो. दिलीपराव गाडेकर. बाईंच्याच गावचे. तिथं शेती, इथं गाड्यांचे सुटे भाग करायचा कारखाना, धिप्पाड देह, मनगट माझ्या मांडीएवढं. गावच्या नात्यानं बाई त्यांच्या आत्या लागायच्या. त्यामुळं मजा अशी व्हायची की मीटिंगमध्ये ते 'मॅडम' म्हणायचे आणि अडचणीत आले की 'आत्या'. माणूस वाईट नव्हता, हे मी कुणासमोरही सांगेन. पण त्यांचा चेंडू जेवढा लांब जायचा तेवढा अख्ख्या क्लबात कुणाचा जात नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतः विसरत नव्हते, दुसऱ्याला विसरू देत नव्हते.

भांडण सहाव्या होलवरून होतं. तो होल नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. सुरुवातीची जागा एका टेकाडावर. पुढं मैदानाला तिरका कापत जाणारा ओढा. दिवाळीच्या सुमारास त्याला गुडघाभर पाणी असायचं. उजवीकडून, पाण्यावरून लांब मारलं आणि पलीकडं पोचलं, तर समोर झेंडा उघडा, काही आडवं नाही. पण पोचलं नाही तर चेंडू पाण्यात आणि एक फटका दंड. डावीकडून अलीकडंच थांबलं तर धोका काही नाही. मात्र मग झेंड्याच्या वाटेत एक म्हातारी बोर उभी. तिच्यावरून चेंडू उंच उचलायचा आणि पलीकडं अलगद उतरवायचा. हे काम ताकदीचं नाही, हाताचं.

दिलीपराव दर वेळी उजवीकडून मारायचे. त्यासाठी सगळ्यात लांब स्टिक असते, ड्रायव्हर म्हणतात तिला. निम्म्या वेळा चेंडू पलीकडं जायचा, निम्म्या वेळा ओढ्यात. ओढ्यात गेला की त्या दिवशी क्लबातल्या चहात साखर कमी पडायची, माळी कामचुकार निघायचा आणि मॅनेजर म्हणून मी नालायक ठरायचो.

"ओढ्यात पाइप टाका, वरून मुरूम भरा, ती बोर काढा आणि रान सपाट करा," असा त्यांचा हट्ट. त्यामागं नुसती गुर्मी नव्हती. आपल्या मराठवाड्यात शेतकऱ्याच्या पोराला उंचसखल जमीन दिसली की हात शिवशिवतात. सपाट केलेलं रान म्हणजे सुधारलेलं रान, ही अक्कल आम्हाला पाळण्यातच मिळते. दिलीपरावांच्या वडलांनी बैलाच्या मागं फळी ओढून रान सपाट केलं होतं, यांच्याकडं जेसीबी होता. त्यांना खरंच वाटायचं की आपण मैदानावर उपकार करतोय.

बाईंचं म्हणणं मीटिंगमध्ये असं पडलं:

"जोराचा मला राग नाय. दिलीपचा फटका बघून माझ्याबी अंगावर काटा येतो. म्हणूनच उजवीकडची वाट ठेवलीय, त्याच्यासाठीच ठेवलीय. पण जोर करायचा तर भीती सोबत घ्यायला पाहिजे. ओढा बुजवला की भीती गेली. मग दांडग्यानं नुसतं हाणायचं नि बाकीच्यांनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या? मी टाळ्या वाजवायला मैदान नाय आखलं."

"मॅडम, जग पुढं चाललंय. नव्या स्टिका आल्यात, नवे चेंडू आलेत."

"जाऊ दे की पुढं. ओढा काय आडवा आला जगाला?"

मग ते वाक्य झालं, जे मी लिहिलं नाही. दिलीपराव लाल झाले. म्हणाले, "ठीक हाय. सहावा होल, तुम्ही नि मी, एकदाच. मी जिंकलो तर ओढा बुजवायचा, बोर काढायची. तुम्ही जिंकलात तर मी परत नाव काढणार नाही."

मी टेबलाखालून बाईंना पाय लावला. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मॅनेजर, पाय आवरा. मंजूर हाय."

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी टेकाडावर सगळा क्लब जमला. मला रात्रभर झोप नव्हती. बाईंचा खेळ मला माहीत होता: डावीकडून छोटा, मग बोरीवरून उंच, मग दोन टिचक्या. दिलीपराव हाणणार आणि पाण्यात घालणार, असा निम्मा तरी भरवसा होता.

पहिला मान दिलीपरावांचा. त्यांनी पिशवीत हात घातला आणि काढली छोटी स्टिक. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी वळूनही बघितलं नाही. इतकी वर्षं ज्या माणसानं उजवीकडून हाणण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्यानं चेंडू डावीकडं, ओढ्याच्या अलीकडं, अंथरुणावर पोर निजवावं तसा ठेवला.

मग बाई पुढं झाल्या. त्यांनी आपली छोटी स्टिक हातात घेतली होती. तेवढ्यात माझ्या मागून एक तरणा मेंबर दुसऱ्याला म्हणाला, "बाईंचं काय, टुकूटुकूच चालायचं. तिथवर मारायला अंगात पाहिजे ना."

हळू बोलला होता तो. पण बाईंचा कान तिखट. त्या थांबल्या. वळल्या. त्या पोराकडं बघितलं, मग त्याच्या पिशवीकडं, आणि हात पुढं केला. "दे रे तुझी मोठी स्टिक."

"बाई!" मी ओरडलोच. "बाई, नका ऐकू त्याचं!"

"गप बसा हो."

स्टिक बाईंच्या छातीपर्यंत येत होती. त्यांनी पदर खोचला, टोपी मागं सारली आणि उजवीकडं तोंड करून असा काही फटका मारला की बसच. मी खोटं बोलणार नाही, फटका सुरेख होता. चेंडू उंच गेला, ओढ्यावर गेला, पलीकडच्या काठाला टेकला. आणि तिथून घरंगळत खाली आला, पाण्यात.

 मला त्या क्षणी बाईंचा एवढा राग आला की काय सांगू. आयुष्यभर सगळ्या जगाला 'डोकं वापरा' सांगणारी बाई एका पोराच्या टोमण्यावर घसरली.

दिलीपराव आपल्या चेंडूजवळ गेले. समोर बोर. त्यांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग एक अगदी हळू, नुसत्या मनगटाचा फटका. चेंडू बोरीच्या शेंड्यावरून उचलला गेला आणि झेंड्याजवळ टपकन पडून तिथंच बसला. दिलीपराव हलले नाहीत. तोंड थोडं उघडं. आपल्याच हाताकडं बघत राहिले.

होल त्यांनी जिंकला. बाई चालत गेल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "दिलीप, तू आज माझ्यासारखा खेळलास नि मी तुझ्यासारखी. जिंकलास. मॅनेजर, जेसीबीवाल्याला सांगा."

"एवढी काय घाई, आत्या," दिलीपराव म्हणाले. "तुळशीचं लग्न तर होऊ द्या."

तुळशीचं लग्न झालं. मग संक्रांत होऊ द्या झालं. मग मार्चची कारखान्याची गडबड. दरम्यान एक वेगळीच गंमत सुरू होती. क्लबात पाहुणा आला की दिलीपराव त्याला सहाव्या होलवर घेऊन जायचे. "इथून मारला. ह्या बोरीवरून. तिथं जाऊन बसला." प्रत्येक सांगण्यात बोर हातभर उंच होत होती.

मी मनातून खूश. ओढा वाचला होता. पण बाई दिवसेंदिवस धुमसत चाललेल्या.

"आता काय झालं? राहतोय ना ओढा?" मी वैतागून म्हटलं. "गप राहा की."

"कशानं राहतोय? त्याच्या मर्जीनं. मेहरबानी चाललीय माझ्यावर. उद्या मर्जी फिरली, बुजवला. परवा दुसरा अध्यक्ष आला, बुजवला. मी हरलेय मॅनेजर. हरले तर बुजवायचा, असं ठरलं होतं. तो का बुजवत नाय ते त्यानं तोंडानं सांगावं. नाहीतर शब्द पाळावा."

"त्यांना सांगायची लाज वाटत असंल."

"मला भीक घ्यायची लाज वाटते."

आणि पुढच्या रविवारी बाईंनी काय केलं म्हणता? स्वतः जेसीबी बोलावला! मी ऑफिसात होतो. धडधड ऐकू आली म्हणून बाहेर येतो, तर पिवळं धूड सहाव्या होलकडं चाललंय आणि त्याच्या पुढं निळी टोपी घालून बाई वाट दाखवत चालल्यात.  मी धावत कँटीनमध्ये गेलो. दिलीपराव मेंबरांबरोबर पोहे खात बसले होते.

"साहेब, बाई ओढा बुजवतायत!"

"कोण बुजवतंय?"

"बाई! स्वतः!"

अध्यक्ष उठले ते बशी हातात घेऊनच. ते पुढं, मी मागं, मागून सगळे मेंबर. आम्ही पोचलो तेव्हा मुरमाचा पहिला बकेट ओढ्यात पडला होता. पाणी तांबडं झालेलं. जेसीबी दुसरा बकेट भरत होता.

"आत्या! आत्या, थांबवा!"

बाईंनी मान वळवली. "का? तू जिंकलायस."

"मला नाय बुजवायचा."

"का?"

"असंच."

"असंच चालत नाय. टाक रे दुसरा," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. बकेट वर उचलला गेला.

"अहो आत्या!" दिलीपराव ओढ्यात उतरले. बुटासकट, बशीसकट. बकेटच्या खाली जाऊन उभे राहिले. "चांगला हाय तो!"

"कोण चांगला हाय?"

"ओढा!"

"मागच्यांना ऐकू नाय आलं."

दिलीपराव वळले. काठावर सगळा क्लब उभा. घोट्याभर गढूळ पाण्यात तो एवढा मोठा माणूस, हातात पोह्याची बशी, कपाळावर घाम. आणि तो ओरडला, "हा ओढा चांगला हाय! तो होता म्हणून मी तसा खेळलो, नाहीतर जन्मात खेळलो नसतो! माझी चूक झाली! कोणी हात लावायचा नाय त्याला, मीबी नाय!"

बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकत होत्या. त्यांनी हात वर करून ड्रायव्हरला थांबवलं. "टाकलेला मुरूम काढून घे रे बाबा," त्या म्हणाल्या. मग दिलीपरावांना वर यायला हात दिला. त्यांच्या हातानं तो देह वर येणार होता थोडाच. आम्ही चौघांनी ओढला. पण धरला होता तो बाईंचाच हात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाईंना छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, मी मैदानावर चक्कर मारायला निघालो तर सहाव्या होलच्या टेकाडावर बाई एकट्याच. हातात मोठी स्टिक. स्वतःची, नवी कोरी, विकत आणलेली. शेजारी जुन्या चेंडूंची पिशवी.

त्या उजवीकडून मारत होत्या. चेंडू पाण्यात जात होता. दुसरा ठेवत होत्या. तोही पाण्यात.

"बाई, काय लावलंय हे? डॉक्टरनं जिना चढू नका म्हटलंय तुम्हाला."

"जिना नाय चढत मी."

"मग डावीकडून तरी मारा. तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"सांगते की. खरंच सांगते." बाईंना धाप लागली होती. "पण डावीकडनंच गेले मी सगळा जन्म. जिथं गेले तिथं. अंगात जोर नव्हता, म्हणून डोकं लावलं. लई चांगलं झालं, तक्रार नाय. पण मला एकदा उजवीकडनं जायचंय."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. ऑपरेशननंतर बाई शुद्धीवर आल्याच नाहीत, त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच. त्यांनी पदर खोचला, पाय रोवले आणि मारला. चेंडू गेला, ओढ्यावरून गेला, पलीकडच्या काठाला लागला, क्षणभर थांबला.  चेंडू घरंगळत खाली आला नि पाण्यात पडला. बाईंनी मला एक सणसणीत शिवी हासडली, मीच तो ढकलल्यासारखी, आणि पिशवीत हात घालून पुढचा चेंडू काढला.